उबवणीतल्या सापाच्या अंड्यांना उजेड चालतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॉल पायथन या पाळीव अजगराची सहा अंडी पारदर्शक डब्यात पर्लाइटवर, म्हणजे ओल धरणाऱ्या पांढऱ्या खनिज दाण्यांवर, ठेवली आहेत. डबा ज्या इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या पेटीत) आहे त्याचं दार काचेचं आहे. खोलीतली ट्यूब रात्री उशिरापर्यंत चालू असते आणि सकाळी खिडकीतून उजेड येतो. एका जाणकाराने सांगितलं की सापाच्या अंड्यांना पूर्ण अंधारच लागतो, नाहीतर गर्भ मरतो. दुसऱ्याने सांगितलं की कोंबडीच्या अंड्यांना उजेड देतात, तसा इथेही छोटा दिवा लावून ठेवा. आता नेमकं करायचं काय, आणि टॉर्च लावून अंडी तपासली तर चालेल का?

आधी जीव भांड्यात पडेल असं सांगतो. खोलीतल्या ट्यूबने किंवा एलईडीच्या साध्या उजेडाने सापाच्या अंड्यातला गर्भ मरत नाही. दुसरं, गर्भाला उजेडाची गरजही नाही, त्यामुळे मुद्दाम दिवा लावू नका. आणि तिसरं, ज्यासाठी मी हे एवढं लांब लिहायला बसलोय: उजेडापायी अंडी जातात, पण ती उजेडाने जात नाहीत. उजेडाबरोबर जी उष्णता येते तिने जातात, आणि ती इतक्या लवकर येते की आपल्याला पत्ता लागेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

अंधाराचा सल्ला येतो कुठून ते आधी पाहू, कारण तो अगदीच निराधार नाही. अंडी घालणारे साप ती उघड्यावर टाकत नाहीत. उंदराचं बीळ, वारुळ, कुजलेल्या ओंडक्याची पोकळी, दगडांची कपार, पाचोळ्याचा ढीग अशाच जागा ते निवडतात. युरोपातला ग्रास स्नेक खताच्या ढिगात अंडी घालतो, कारण कुजणाऱ्या खताची ऊब फुकट मिळते. नागराजाची मादी पाचोळा ओढून त्याचं घरटं रचते आणि त्यावर पहारा देते. अजगराची मादी स्वतःच्या वेटोळ्यांनीच अंडी झाकून घेते. आणि जे साप अंडी न घालता थेट पिल्लांनाच जन्म देतात, म्हणजे घोणस, फुरसे, हरणटोळ किंवा बोआ, त्यांचे गर्भ तर पूर्ण वाढ होईपर्यंत आईच्या पोटातच असतात. थोडक्यात, सापाच्या गर्भाची वाढ अंधारात होते हे खरं आहे.

पण मादी ती जागा कशासाठी निवडते ते बघा. तिला स्थिर ऊब हवी असते, ओल हवी असते आणि अंडी खाणाऱ्यांपासून आडोसा हवा असतो. या तिन्ही गोष्टी जमिनीच्या पोटात मिळतात आणि अंधार त्यांच्याबरोबर आपोआप येतो. इन्क्युबेटरमध्ये आपण ऊब, ओल आणि आडोसा वेगळ्या मार्गाने देतो. मग उरलेल्या अंधाराला स्वतःचं असं फारसं काम राहत नाही. काचेच्या दाराच्या इन्क्युबेटरमध्ये, दिवसभर माणसांची ये-जा असलेल्या खोलीत मी अनेक वर्षं अंडी उबवली आहेत. झाकलेल्या डब्यातली अंडी आणि उघड्या उजेडातली अंडी यांच्यात, तापमान सारखं असताना, मला कधी फरक दिसलेला नाही.

सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं. त्याचं टरफल चामड्यासारखं, किंचित दबणारं असतं. मुख्यतः प्रथिनांच्या तंतूंचं विणकाम आणि वर कॅल्शियमचा अगदी पातळ थर. त्यातून पाणी आतबाहेर जातं, हवा जाते आणि उजेडही जातो. म्हणूनच तर टॉर्च लावल्यावर आतलं दिसतं. तेव्हा अंड्याच्या आत आधीच काळोख असतो, बाहेरच्या उजेडाचा प्रश्नच येत नाही, असं जे कधीकधी सांगितलं जातं ते चुकीचं आहे. उजेड आत पोचतो. तिथे तो फारसं काही बिघडवत नाही, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. खिडकी.

माझ्याकडे एकदा कॉर्न स्नेक या पाळीव सापाच्या अंड्यांचा डबा साफसफाईसाठी तात्पुरता इन्क्युबेटरच्या बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. टेबलावर तेव्हा सावली होती. फोन आला, मी दुसऱ्या खोलीत गेलो, बोलण्यात पाऊण तास गेला. परत आलो तेव्हा उन्हाचा एक पट्टा सरकत सरकत डब्यावर आला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब लटकत होते आणि डबा हाताला तव्यासारखा नाही, पण गरम चहाच्या कपासारखा लागत होता. आतला थर्मामीटर ४१ अंशांवर होता. बारा अंडी होती. पुढच्या दहा दिवसांत ती एकेक करून पिवळी पडली, खचली आणि त्यांना बुरशी धरली. त्यातली नऊ आदल्याच आठवड्यात टॉर्चखाली लाल रक्तवाहिन्यांनी भरलेली पाहिली होती. त्यानंतर आजतागायत मी अंड्यांचा डबा ऊन पोचू शकेल अशा जागी एक मिनिटही टेकवलेला नाही.

हे इतकं झटपट का होतं याचा हिशोब सोपा आहे. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊर्जा घेऊन येतं. ३० बाय २० सेंटीमीटरच्या झाकणावर त्यातली ६० वॅट पडते. खिडकीच्या काचेत आणि झाकणात थोडी अडते असं धरलं तरी डब्यात एक बल्ब पेटवून झाकण लावल्यासारखंच झालं. आत आलेली ऊर्जा पर्लाइट आणि अंडी शोषून घेतात, तिची उष्णता होते आणि बंद झाकणामुळे गरम हवा बाहेर पडू शकत नाही. बॉल पायथनची अंडी ३१ ते ३२ अंशांना उबवतात आणि ३५ च्या वर गेलं की धोका सुरू होतो. म्हणजे हातात जेमतेम तीन-चार अंश आहेत. कॉर्न स्नेकसाठी २७-२८ अंश उत्तम, तिथेही वरच्या बाजूला फार जागा नसते. थोडा वेळ थोडं जास्त तापलं तर गर्भ जगतो, पण पिल्लाच्या कण्यात वाकडेपणा राहू शकतो. जास्त तापलं तर सगळंच संपतं.

इथे बरेच जण म्हणतात, की माझ्या इन्क्युबेटरला थर्मोस्टॅट आहे, तो सांभाळेल. नाही सांभाळत. साधा थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, ऊन बंद करू शकत नाही आणि गार तर मुळीच करू शकत नाही. हीटर बंद असतानाही डबा तापतच राहतो. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त फसवं आहे. ऊन किंवा दिव्याचा झोत नेमका थर्मोस्टॅटच्या प्रोबवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकावर, पडला तर प्रोबला वाटतं पुरेशी ऊब आहे, तो हीटर तोडतो आणि पलीकडच्या सावलीतली अंडी गार पडत जातात. आकडा बरोबर दिसतो आणि अंड्यांना ऊब मिळत नाही. म्हणून प्रोब नेहमी अंड्यांच्या उंचीवर, त्यांच्या शेजारी आणि सावलीत. मी अंड्यांच्या डब्यातच एक वेगळा थर्मामीटर ठेवतो, कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा. थर्मोस्टॅट काय म्हणतो त्यापेक्षा हा काय म्हणतो ते मी आधी बघतो.

बल्बच्या ऊबेवर अंडी उबवणारेही आहेत. जुना तारेचा बल्ब विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवतो, म्हणून तो हीटरचं काम करतो हे खरं. पण त्याची ऊब वरून, एका बाजूने आणि सरळ झोतासारखी येते. त्याच्या समोरचं अंडं तापतं, मागचं तापत नाही, आणि हवेचं तापमान मोजणारा थर्मामीटर हा फरक दाखवतच नाही, कारण झोत हवेला नव्हे तर थेट अंड्याच्या सालीला तापवतो. वरून साल कोरडी पडते. अंड्याची वरची बाजू आत गेलेली दिसायला लागते. शिवाय बल्ब एखाद्या रात्री उडतो, किंवा गरम काचेवर पाण्याचा थेंब पडून तडकतो, आणि सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. लाल रंगाचा बल्ब लावला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. रंग कुठलाही असो, झोताची उष्णता तीच. उष्णतेसाठी हीट मॅट, हीट केबल किंवा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटला जोडलेला, एवढं पुरेसं आहे. इन्क्युबेटरच्या पडद्यावरचे आकडे किंवा छोटासा एलईडी दिवा यांची अजिबात चिंता करू नका.

तुमच्या मांडणीत मला खटकतंय ते ट्यूब नाही, सकाळचा खिडकीतला उजेड आहे. तो नुसता उजेड आहे की ऊन, हे आधी नक्की करा. एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला जाऊन बघा, उन्हाचा पट्टा कुठून कुठे सरकतो ते. शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा, कारण सूर्य जागा बदलतो. ही अंडी ५५ ते ६० दिवस तिथे असणार आहेत, आणि पहिल्या दिवशी सावलीत असलेली जागा पन्नासाव्या दिवशी सावलीत असेलच असं नाही. जराशीही शंका वाटली तर काचेच्या दाराला बाहेरून जाड पुठ्ठा लावून टाका. माझ्या सर्व इन्क्युबेटरच्या काचांना पुठ्ठा आहे. अंधाराची गरज म्हणून नव्हे, उन्हाला दारातच अडवायला.

पुठ्ठ्याचा आणखी एक फायदा सांगतो. अंडी दिसत असली की माणूस दहा वेळा झाकण उघडतो. प्रत्येक वेळी ऊब जाते, ओल जाते. आठवड्यातून एकदा झाकण उघडून ताजी हवा देणं चांगलंच, पण दिवसातून चारदा उघडणं बरं नाही. आणि डब्याची एक बाजू खिडकीच्या उजेडाने तापते, दुसरी गार राहते, तेव्हा गार बाजूला वाफेचे थेंब जमून अंड्यांवर गळतात. सतत पाणी पडणारी अंडी सडतात. झाकण किंचित तिरकं ठेवलं तर थेंब कडेने ओघळून जातात. ओलसर पर्लाइटवर रोज भरपूर उजेड पडत राहिला तर त्यावर हिरवं शेवाळ धरतं, हेही पाहिलंय. शेवाळाने अंडी मरत नाहीत, पण ओल जास्त झाली आहे याची ती खूण असते. उजेडाने बुरशी मरते म्हणून डबा खिडकीत ठेवा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. घरातल्या उजेडाने बुरशी थांबत नाही. ती बहुतेकदा आधीच मेलेल्या किंवा फलित न झालेल्या अंड्यावर येते.

आता टॉर्च. हो, जरूर तपासा, फक्त रीत पाळा. एलईडीचा छोटा टॉर्च घ्या, मोबाइलचा फ्लॅशही चालतो. जास्त ताकदीचे टॉर्च मिनिटभरात चटका बसेल इतके तापतात, ते नकोत. खोलीत अंधार करा. अंडं उचलू नका. सापाची अंडी घातल्यावर लवकरच एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेली अंडी सोडवायच्या नादात टरफल फाटतं. शिवाय कोंबडीच्या अंड्याप्रमाणे सापाचं अंडं फिरवायचं नसतं. ते घातलं तेव्हा ज्या बाजूवर होतं, त्याच बाजूवर शेवटपर्यंत राहू द्यावं. मी पहिल्याच दिवशी वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने बारीक खूण करतो. टॉर्चचं तोंड अंड्याच्या कुशीला हलकेच टेकवा आणि चार-पाच सेकंद बघा.

जिवंत अंडं आतून गुलाबी-नारंगी उजळतं. सालीच्या आतल्या बाजूने लाल रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसतात, एका जागेवरून निघून मुळांसारख्या पसरत गेलेल्या. नीट पाहिलं तर त्या जाळ्यात एक गडद ठिपका दिसतो, तो गर्भ. पायथनच्या अंड्यात हे सगळं पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसू शकतं, आणि नवख्यांना त्याचं फार आश्चर्य वाटतं. त्याचं कारण असं की सापाचं अंडं बाहेर येतं तेव्हा गर्भ बराच वाढलेला असतो. ड्युफोर आणि ह्युबर्ट यांनी १९६१ मध्ये सरड्याच्या गर्भाच्या वाढीचे ४० टप्पे पाडले, ते आजही सरडे आणि सापांसाठी वापरले जातात. अंडी घालणारे बहुतेक सरडे आणि साप साधारण तिसाव्या टप्प्याच्या आसपास अंडी घालतात. तोवर हृदय धडधडायला लागलेलं असतं. फलित न झालेलं अंडं टॉर्चखाली सगळीकडे एकसारखं पिवळं दिसतं, त्यात एकही रेघ नसते. शंका असेल तर ते लगेच फेकू नका, आठवडाभर थांबून पुन्हा बघा. शेवटच्या पंधरा दिवसांत टॉर्च लावून फारसं काही कळत नाही, कारण पिल्लाने अंडं भरून गेलेलं असतं आणि आत नुसती काळी सावली दिसते. कधीकधी ती सावली हलते. मग टॉर्च बंद करून झाकण लावावं. पूर्ण उबवणीत तीन वेळा तपासलं की पुष्कळ झालं.

कोंबडीचा दाखला देणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते सापाला लागू करता येत नाही. कोंबडीच्या अंड्यांवर उजेडाचा परिणाम होतो, हे पक्कं माहीत आहे. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत पिल्लाची मान अशी वळलेली असते की डावा डोळा अंगाखाली दबतो आणि उजवा डोळा टरफलाच्या बाजूला येतो. टरफलातून आलेला उजेड उजव्या डोळ्यालाच मिळतो आणि त्यावरून पुढे मेंदूची डावी-उजवी बाजू कोणतं काम करणार हे काही प्रमाणात ठरतं. कोंबडी मधूनमधून चरायला उठते, म्हणजे निसर्गातही त्या अंड्यांना उजेड मिळतच असतो. सापाचा गर्भ वेटोळं घालून असतो, आणि त्याची जात पिढ्यानपिढ्या बिळात वाढलेली. आणखी एक बारकावा: अनेक सरड्यांच्या डोक्यावर उजेड ओळखणारा तिसरा डोळा असतो, सापांमध्ये तो नाही.

अतिनील किरणांचे दिवे, म्हणजे सरडे आणि कासवांना लावतात ते, अंड्यांवर लावायची कल्पना मला दोनदा विचारली गेली आहे, म्हणून लिहितो. लावू नका. गर्भाला लागणारं कॅल्शियम मुख्यतः बलकातून येतं, थोडं टरफलातून. जीवनसत्त्व ड मादीने बलकात आधीच साठवून दिलेलं असतं. त्या दिव्यातून अंड्याला मिळेल ती फक्त उष्णता आणि कोरडेपणा. उजेडाने नर-मादी ठरतं का, असंही विचारतात. सापांमध्ये पिल्लाचं लिंग गुणसूत्रांवर ठरतं. अनेक कासवांमध्ये आणि मगरींमध्ये ते उबवणीच्या तापमानावर ठरतं, तो गोंधळ तिथून येतो.

उजेड खरोखर महत्त्वाचा ठरतो तो अंड्याच्या आधी आणि अंड्याच्या नंतर. समशीतोष्ण भागातल्या सापांमध्ये थंडी आणि दिवसाची लांबी यांवर मादीचं प्रजननाचं चक्र चालतं. तिच्या खोलीत रात्रंदिवस दिवा ठेवणं बरं नाही. आणि पिल्लू बाहेर यायला लागतं तेव्हा उजेडाचा त्रास तुम्हाला डोळ्यांनी दिसतो.

पिल्लाच्या नाकाजवळ एक इवलासा अंडदंत असतो. त्याने ते टरफलाला आतून चीर पाडतं. मग चीर रुंदावते, त्यातून नाकपुड्या बाहेर येतात, आणि बऱ्याचदा एक-दोन दिवस पिल्लू तसंच बसून राहतं. ते आळसावलेलं नसतं. पोटाशी उरलेला बलक आत ओढून घेण्याचं काम चालू असतं. अशा वेळी वर दिवा लावला, टॉर्च मारला किंवा फोटोसाठी फ्लॅश उडवला की डोकं झटक्यात आत जातं. घाबरून पिल्लू पूर्ण बाहेर पडलं आणि बलक अजून बाहेरच लटकत असला, तर नाळ ओढली जाऊन फाटू शकते. म्हणून पहिली चीर दिसली की मी खोलीतला मोठा दिवा बंद करतो आणि दिवसातून दोनदाच, बाजूने, मंद उजेडात बघतो. अंडी कापून पिल्लं काढत नाही. शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत अंडी किंचित खचलेली, सुरकुतलेली दिसतात, ते ठीकच असतं. त्याला घाबरून पाणी ओतू नका.

पिल्लं बाहेर आल्यावर त्यांना ओल्या कागदी टॉवेलच्या डब्यात हलवा. डब्यात लपायला जागा द्या आणि खोलीत नेहमीचा दिवस-रात्र ठेवा, म्हणजे साधारण बारा तास मंद उजेड आणि बारा तास अंधार. पहिली कात टाकायला आठवडा ते दहा दिवस लागतात. तोवर हाताळू नका, खायला देऊ नका, आणि या डब्यावरही ऊन येऊ देऊ नका.

एक शेवटचं. अंडी पाळलेल्या सापाची नसून खोदकामात किंवा अडगळीत सापडलेली रानातल्या सापाची असतील, तर इन्क्युबेटरचा विचार करण्याआधी वन विभागाला किंवा तिथल्या अधिकृत सर्पमित्राला कळवा. ते येईपर्यंत अंडी होती त्याच बाजूवर ठेवून त्यांच्यावर ओलसर माती आणि पाचोळा घाला, आणि सावली धरा. फोटो काढायला त्यांना उन्हात मांडू नका.